खिडकीवर अडलेलं औषध: स्थलांतरितांच्या आरोग्यधोरणाविषयी

मूत्रपिंडं पूर्ण निकामी झाली की साधारण आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं, दर वेळी तीन ते चार तास. अमेरिकेत मात्र देशात राहण्याची कायदेशीर कागदपत्रं नसलेल्या पेशंटला बऱ्याच राज्यांत हे नियमित डायलिसिस मिळत नाही. १९८६ च्या कायद्यानं इमर्जन्सी विभागात आलेल्या कोणालाही तपासून त्याची प्रकृती स्थिर करणं रुग्णालयांवर बंधनकारक केलं, त्यामुळे पेशंटपुढे एकच वाट उरते: आपली तब्येत इमर्जन्सी ठरेपर्यंत थांबायचं. म्हणजे फुप्फुसांत पाणी भरून धाप लागेपर्यंत, किंवा रक्तातलं पोटॅशियम इतकं चढेपर्यंत की हृदयाच्या आलेखावर, म्हणजे ईसीजीवर, धोक्याची खूण असलेल्या टोकदार टी-लाटा दिसू लागतात. मग त्याला आत घेतात, डायलिसिस करतात आणि घरी पाठवतात. काही दिवसांनी पुन्हा तीच धाप, तीच रांग.

या पद्धतीचा हिशोब झालेला आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, केवळ इमर्जन्सीत डायलिसिस मिळणाऱ्यांचा पाच वर्षांतला मृत्यूचा धोका नियमित डायलिसिस मिळणाऱ्यांच्या १४ पट निघाला. पुढच्याच वर्षी टेक्सासमधल्या अभ्यासानं पैशाची बाजू मांडली. नियमित डायलिसिस सुरू झालेल्यांवरचा खर्च माणशी महिन्याला ५,७६८ डॉलरनं कमी झाला, कारण इमर्जन्सीतल्या फेऱ्या आणि भरती होण्याचे दिवस घटले. कोलोरॅडो राज्यानं २०१९ मध्ये नियमाचा अर्थ बदलला आणि मूत्रपिंड निकामी होणं हीच इमर्जन्सी मानली. नवा कायदा करावा लागला नाही, एका शब्दाची व्याख्या बदलली.

स्थलांतरितांच्या आरोग्यधोरणातली मुख्य गोची इथेच आहे. उपचार बहुतेक ठिकाणी नाकारले जात नाहीत, ते उशिरा दिले जातात. स्वस्त आणि लवकरचं दार बंद असतं, महागडं आणि उशिराचं उघडं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं जगात दर आठ माणसांमागे एक जण स्थलांतरित आहे. देशातल्या देशात हललेले, देश सोडलेले, निर्वासित, सगळे यात आले. एवढ्या माणसांसाठी उशिराचं दार हेच मुख्य दार ठेवणं कोणत्याच आरोग्यव्यवस्थेला परवडत नाही.

जर्मनीत हे १९९३ पासून दिसतं. आश्रय मागणाऱ्यांसाठीच्या कायद्यात सुरुवातीच्या काळात फक्त तीव्र आजार, वेदना, बाळंतपण आणि लसीकरण एवढंच बसतं. २०१५ पासून ही मुदत १५ महिने होती, मग १८ झाली, २०२४ पासून ३६ महिने आहे. बऱ्याच जिल्ह्यांत डॉक्टरकडे जाण्याआधी समाजकल्याण कचेरीतून उपचाराची चिठ्ठी आणावी लागते. ती चिठ्ठी देणारा कारकून असतो, त्याला वैद्यकाचं शिक्षण नसतं. मधुमेहाच्या पेशंटचं तळपायाचं दुखणं 'तीव्र' आहे की 'जुनाट', हे तो काउंटरवर ठरवतो. जुनाट ठरवलं तर काही आठवड्यांनी त्याच पायाची जखम घेऊन तो माणूस रुग्णालयात भरती होतो. जर्मनीतल्याच वीस वर्षांच्या आकडेवारीचा अभ्यास २०१५ मध्ये आला. त्यात मर्यादित हक्क असलेल्यांवरचा खर्च पूर्ण हक्क असलेल्यांपेक्षा माणशी वर्षाला सुमारे ३७६ युरोनं जास्त निघाला. ब्रेमेन शहरानं २००५ पासून अशा लोकांना सरळ आरोग्यकार्ड दिलं, नंतर हॅम्बुर्गनंही तेच केलं. कार्ड दाखवायचं आणि थेट डॉक्टरकडे जायचं; मधला कारकून गेला, त्याच्या फायली गेल्या.

स्पेननं उलटा प्रयोग करून पाहिला. २०१२ च्या आर्थिक मंदीत सरकारनं वटहुकूम काढून कागदपत्रं नसलेल्यांचं आरोग्यकार्ड काढून घेतलं. इमर्जन्सी, गरोदरपण आणि लहान मुलं एवढीच सूट ठेवली. पुढच्या तीन वर्षांत या लोकांमधला मृत्युदर सुमारे १५ टक्क्यांनी वाढल्याचं नंतरच्या अभ्यासात दिसलं. २०१८ मध्ये हक्क परत दिला. काटकसर म्हणून काढलेल्या वटहुकमाची ही किंमत होती आणि ती माणसांनी जीव देऊन मोजली.

आता समजा कायद्यानं हक्क दिला. तरी माणूस येतो का? इथे नोंदणीची खिडकी आडवी येते. तिथे विचारलेला एकच प्रश्न, 'व्हिसा दाखवा', माणसाला कायमचा परत पाठवायला पुरतो. आपलं नाव पोलिसांकडे जाईल ही भीती काल्पनिक नसते. इंग्लंडमध्ये जानेवारी २०१७ पासून आरोग्यखात्याकडचे पत्ते गृहखात्याला देण्याचा लेखी करार होता. डॉक्टरांनी आणि संसदेच्या आरोग्य समितीनं आवाज उठवल्यावर तो २०१८ मध्ये मागे घेतला गेला. तिथेच ५०० पौंड किंवा जास्त बिल दोन महिने थकलं की ती माहिती गृहखात्याकडे पाठवण्याचा नियम आहे आणि पुढच्या व्हिसा अर्जावर त्याचा परिणाम होऊ शकतो. क्षयरोग आणि एचआयव्हीचे उपचार तिथे सगळ्यांना मोफत आहेत. पण ज्याला खोकल्याचं कारणच माहीत नाही, त्याला आपला खोकला 'मोफत' यादीतला आहे हे कसं कळणार? तो तपासायलाच येत नाही.

इटलीची पद्धत यापेक्षा पुष्कळ चांगली आहे, आणि ती बारकाईनं पाहण्यासारखी आहे. १९९८ च्या कायद्यानं कागदपत्रं नसलेल्या माणसाला तातडीचे आणि आवश्यक उपचार दिले, तेही 'सलग चालणारे असले तरी' या शब्दांसकट. खिडकीवर त्याला अक्षरं-आकडे मिळून १६ चिन्हांचा एक कोड मिळतो, त्याची सुरुवात एसटीपी ('तात्पुरता हजर असलेला परदेशी' याचं इटालियन लघुरूप) या अक्षरांनी होते. कोड सहा महिने चालतो, नूतनीकरण करता येतं. पैसे देण्याची ऐपत नाही एवढं स्वतःच्या सहीनं लिहून दिलं की पुरतं. उपचार घेतल्याची खबर अधिकाऱ्यांना द्यायची नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. युरोपीय परिषदेच्या वर्णद्वेषविरोधी आयोगानं २०१६ मध्ये सगळ्या सदस्य देशांना आरोग्य, शिक्षण आणि इमिग्रेशन यांच्यामध्ये अशीच भिंत उभारायची शिफारस केली.

इटलीतही खोट कुठे येते, तर अंमलबजावणीत. एका भागात कोड पाच मिनिटांत मिळतो, दुसरीकडे भाडेकराराचा कागद मागतात, जो नियमात नाही. म्हणून कोणत्याही देशात खिडकीसाठी काही गोष्टी लेखी हुकमातच हव्यात. पत्ता तोंडी सांगितलेला चालेल. पासपोर्टची झेरॉक्स घ्यायची नाही. संगणकाच्या अर्जात व्हिसाचा रकाना ठेवायचाच नाही, कारण रिकामा रकाना दिसला की तो भरायचा मोह होतो. आणि एक फलक, पाच-सहा भाषांत, दारातच: 'तुमची माहिती पोलिसांना दिली जात नाही.' हा फलक खरा ठरवणारा कायदा मागे नसेल तर मात्र तो लावू नये. एकदा विश्वास मोडला की त्या वस्तीतलं कोणीच परत येत नाही.

पैशाच्या बाजूनं थायलंडचा अनुभव मला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण तो श्रीमंत देश नाही. म्यानमार, कंबोडिया आणि लाओसमधून येणाऱ्या कामगारांसाठी तिथल्या आरोग्य मंत्रालयानं २००१ पासून विमाकार्ड काढलं. कामगार ठरावीक रक्कम भरतो, आरोग्यतपासणी होते, सरकारी रुग्णालयात उपचार मिळतात. २०१३ पासून सात वर्षांखालच्या मुलांसाठी वर्षाला ३६५ बात, म्हणजे दिवसाला एक बात एवढाच हप्ता ठेवला. अडचण नोंदणीत आहे. कार्ड एका ठरावीक रुग्णालयाशी जोडलेलं असतं आणि बांधकामावरचा माणूस तर काम संपलं की दुसऱ्या प्रांतात जातो. तिथे त्याचं कार्ड अनोळखी ठरतं. दुसरी अडचण ऐच्छिकपणाची. सक्ती नसली की आजारी माणूसच कार्ड घेतो, धडधाकट घेत नाही, आणि रुग्णालयांना तोटा दिसू लागला की ती कार्ड विकायचंच टाळतात. तोडगा सांगायला सोपा आहे: जोखीम देशपातळीवरच्या एकाच निधीत टाकायची आणि रुग्णालय बदलणं फोनवर होऊ द्यायचं. कोलंबियानं २०२१ मध्ये व्हेनेझुएलाच्या लोकांना दहा वर्षांचा तात्पुरता संरक्षण दर्जा दिला. त्याचं ओळखपत्र दाखवून ते देशाच्या नेहमीच्याच आरोग्यविम्यात नोंदणी करू शकतात. वेगळी योजना उभारण्यापेक्षा आहे त्या योजनेत घेणं केव्हाही बरं. वेगळी योजना बजेट कापताना पहिली मरते.

आत गेल्यावर भाषेचा प्रश्न. औषधाच्या लेबलवर इंग्रजीत 'वन्स अ डे' छापलेलं असतं. त्यातला 'वन्स' हा शब्द जसाच्या तसा स्पॅनिश वाचणाऱ्यापुढे ठेवला, तर तो 'ओन्से' वाचतो, आणि स्पॅनिशमध्ये ओन्से म्हणजे अकरा. रक्तदाबाची गोळी दिवसातून अकरा वेळा. म्हणून डोस नेहमी अंकात लिहायचा आणि शेजारी सूर्य-चंद्राची चित्रं काढायची.

अमेरिकेतल्या एका बालरोग विभागात २००३ मध्ये दुभाष्यांसह झालेले संवाद ध्वनिमुद्रित करून तपासले. दर भेटीत सरासरी ३१ चुका सापडल्या. नातेवाईक किंवा हाताशी सापडलेल्या दुभाष्यांच्या चुकांपैकी ७७ टक्के चुका उपचारावर परिणाम करू शकतील अशा होत्या, तर रुग्णालयाच्या नेमलेल्या दुभाष्यांच्या बाबतीत हे प्रमाण ५३ टक्के होतं. पुढच्या अभ्यासात शंभर तास किंवा जास्त प्रशिक्षण घेतलेल्यांच्या चुकांपैकी फक्त २ टक्के गंभीर निघाल्या. म्हणजे 'दोन्ही भाषा येतात' एवढ्यानं भागत नाही, तासांचं प्रशिक्षण लागतं. दहा वर्षांच्या मुलीला तिच्या आईच्या गर्भपाताबद्दल भाषांतर करायला लावणं हे तर क्रूर आहे, आणि ते रोज घडतं.

ऑस्ट्रेलियात १९७३ पासून टेलिफोनवर दुभाषी मिळतो, आता रात्रंदिवस. फोनवरची सेवा लहान दवाखान्यालाही परवडते. ती नीट वापरायची तर आधी देश न विचारता भाषा विचारा, आणि बोलीही. अफगाण पेशंटला दरी भाषा हवी की पश्तो? मोरोक्कोच्या बाईला सीरियन अरबी दुभाषी दिला तर अर्धं कळतं. ग्वाटेमालाहून आलेल्या बाईला स्पॅनिश येतंच असं नाही, तिची भाषा माम किंवा किचे असू शकते. बोलताना पेशंटकडे बघा, फोनकडे नको. एका वेळी एक-दोन वाक्यं. शेवटी 'समजलं का?' विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'घरी गेल्यावर ही गोळी कशी घ्याल ते मला सांगा' म्हणा. आणि वेळ दुप्पट धरा. वेळापत्रकात तेवढी जागा नसेल तर डॉक्टर दुभाष्याला फोनच लावत नाहीत, हे अपयशाचं सगळ्यात साधं कारण आहे.

मग माणूस हलतो. स्थलांतरिताचा आजार त्याच्याबरोबर प्रवास करतो, त्याची फाईल मागे राहते. क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल, पुढचे चार महिने पहिली दोन. हंगामी कामगार सहा महिने एका जागी नसतोच. नव्या ठिकाणी त्याच्याकडे कागद नसला, तर डॉक्टर पहिल्या दिवसापासून उपचार पुन्हा सुरू करतो, किंवा माणूस खोकला थांबलाय म्हणून औषधच सोडतो. दुसऱ्या प्रकारातून औषधांना न जुमानणारा क्षयरोग तयार होतो.

निघताना त्याच्या हातात एक पान द्यावं. त्यावर औषधांची नावं ब्रँडची नकोत, मूळ रासायनिक हवीत, कारण ब्रँड सीमेपलीकडे ओळखू येत नाही. प्रत्येकाचे मिलिग्रॅम, पेशंटचं वजन, थुंकीच्या तपासणीचे निकाल तारखांसह, कोणत्या औषधांना जंतू दाद देतात ते, किती डोस झाले आणि किती उरले. बरोबर निदान महिन्याची औषधं. आणि गाव बदललं तरी बदलत नाही असा एक फोन नंबर, बहुधा आईचा किंवा बहिणीचा. अमेरिकेत क्युअर-टीबी हा कार्यक्रम हेच काम सीमांपलीकडे करतो: जिथे पेशंट जाणार तिथल्या दवाखान्याला आधी कळवतो आणि उपचार पूर्ण होईपर्यंत फोन करत राहतो. महागडं यंत्र यात काहीच नाही, चिकाटी लागते.

इन्सुलिनची गोष्ट याहून धोक्याची आहे आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. काही देशांत इन्सुलिनच्या बाटलीत दर मिलिलिटरला ४० युनिट असतात, बऱ्याच देशांत १००. सिरिंजही त्या त्या मापाच्या. जुन्या ४० च्या सिरिंजमध्ये नवं १०० चं इन्सुलिन २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट अंगात जातात. अडीचपट. साखर खाली कोसळते आणि माणूस झोपेतच जाऊ शकतो. उलट झालं तर २० ऐवजी ८ युनिट मिळतात आणि साखर चढत राहते. साखरेचं मापही वेगळं: एकीकडे डेसिलिटरला १८० मिलिग्रॅम, दुसरीकडे लिटरला १० मिलिमोल, दोन्ही एकच. १० हा आकडा पाहून घाबरून साखर खाणारा पेशंट चुकलेला नसतो, त्याला कोणी सांगितलेलं नसतं. आलेल्या प्रत्येक मधुमेहीची सिरिंज पहिल्याच भेटीत पाहावी आणि जुनी काढून घेऊन नवी द्यावी.

लसीकरणाचं थोडक्यात: लेखी नोंद नसेल तर लस घेतली नाही असं धरायचं, नोंद असेल तर जिथे थांबलं तिथून पुढे जायचं, पुन्हा पहिल्यापासून नाही. दोन जिवंत (कमजोर केलेले जिवंत जंतू असलेल्या) लसींची इंजेक्शनं एकाच दिवशी द्यावीत, नाहीतर चार आठवडे अंतर ठेवावं.

तपासण्यांच्या बाबतीत एकच कसोटी लावावी: निकाल आल्यावर पेशंटच्या भल्याचं काही करणार आहात का? स्पेनमधल्या कॅटालोनियात २०१० पासून लॅटिन अमेरिकेतून आलेल्या गरोदर बायकांची चागास या परजीवीमुळे होणाऱ्या रोगासाठी तपासणी होते. आईला गरोदरपणात औषध देता येत नाही, पण बाळाला पहिल्या वर्षात दिलं तर ते जवळपास हमखास बरं होतं. ही तपासणी सार्थ आहे. स्ट्राँगिलॉइडिस हा जंत दशकानुदशकं आतड्यात गुपचूप राहतो आणि स्टेरॉइडचा मोठा डोस दिला की अंगभर पसरून जीव घेऊ शकतो. उष्ण प्रदेशातून आलेल्या पेशंटला स्टेरॉइड लिहिण्याआधी याची रक्ततपासणी करावी, तेवढा वेळ नसेल तर आयव्हरमेक्टिन या जंताच्या औषधाचा विचार करावा. याउलट, परदेशी नोकरीआधीच्या तपासणीत छातीच्या एक्स-रेवर डाग दिसला म्हणून 'अनफिट' शिक्का मारायचा आणि त्या माणसाला काय झालंय हे न सांगता घरी पाठवायचं, याला आरोग्यसेवा म्हणता येत नाही. शिक्क्याबरोबर उपचारकेंद्राची चिठ्ठी सक्तीची हवी.

स्थलांतरित रोग घेऊन येतात, हा समज फार घट्ट आहे. २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं जगभरातले अभ्यास एकत्र केले, तेव्हा श्रीमंत देशांत गेलेल्या स्थलांतरितांचा मृत्युदर स्थानिकांच्या सुमारे ०.७० पट, म्हणजे तीस टक्के कमी निघाला. धडधाकट माणूसच घर सोडून कामाला जातो. काही संसर्ग आणि अपघाती मृत्यू मात्र जास्त होते. पुष्कळदा ही तब्येत बिघडते ती पोचल्यावर, कामाच्या आणि राहण्याच्या जागेत. सिंगापूरमध्ये २०२० साली कामगार वसतिगृहांत एकेका खोलीत १२ ते २० जण राहत होते. डिसेंबरपर्यंत तिथल्या ४७ टक्के कामगारांना कोविडचा संसर्ग होऊन गेलेला होता. मास्क वाटून हे थांबलं नसतं, खोल्यांतल्या खाटा कमी करायला हव्या होत्या.

उष्णतेचंही तसंच. नुसता थर्मामीटर पाहून काम थांबवणं चुकीचं, कारण घाम वाळला तरच शरीर थंड होतं आणि दमट हवेत तो वाळत नाही. म्हणून वेट बल्ब ग्लोब तापमान मोजतात: ओल्या फडक्याच्या थर्मामीटरचे ७० टक्के, काळ्या गोळ्यातल्या थर्मामीटरचे २० टक्के, सावलीतल्या हवेचे १० टक्के. कतारनं २०२१ मध्ये हा आकडा ३२.१ अंशांवर गेला की काम बंद, असा नियम केला. शिवाय १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम नाही. नियम चांगला आहे. पण मजुरी कामाच्या नगावर असेल तर कामगार स्वतःच पाणी प्यायला थांबत नाही, आणि लघवी गडद होत जाते, मूत्रपिंडं थकल्याचं दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन चढत जातं. दर तासाची विश्रांती पगारी असेल तरच ती घेतली जाते.

कागदावर ठराव कमी नाहीत. जागतिक आरोग्य परिषदेनं २००८ आणि २०१७ मध्ये ठराव केले, २०१९ मध्ये कृती आराखड्याची दखल घेतली, २०२३ मध्ये त्याची मुदत २०३० पर्यंत वाढवली. २०१८ च्या स्थलांतरविषयक जागतिक करारात मूलभूत सेवा मिळाव्यात आणि सामाजिक सुरक्षेचे हक्क बरोबर नेता यावेत, ही दोन्ही उद्दिष्टं आहेत. पण स्थलांतरित कामगारांच्या हक्कांचा १९९० चा करार, जो स्वीकारणाऱ्याला बांधून ठेवतो, तो कामगार बोलावणाऱ्या मोठ्या श्रीमंत देशांनी स्वीकारलेला नाही. आकडे मागणारी यंत्रणाही कुठेच पक्की नाही, आणि माझ्या मते खरी उणीव तीच आहे.

ती सर्वांत उघडी पडते मृत्यूच्या दाखल्यावर. आखाती देशांत मरण पावलेल्या कितीतरी तरुण नेपाळी कामगारांच्या दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडली' किंवा 'नैसर्गिक मृत्यू' एवढंच लिहिलेलं असतं. हृदय तर मरताना प्रत्येकाचंच थांबतं. ते कारण नव्हे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या नमुन्यात ते एकटं लिहायला मनाई आहे. त्या नमुन्यात वरच्या ओळीत तत्काळ कारण, खालच्या ओळींत ते कशामुळे झालं आणि सगळ्यात खाली मूळ कारण लिहायचं असतं. कतारमधल्या नेपाळी कामगारांच्या २००९ ते २०१७ मधल्या मृत्यूंचा अभ्यास झाला, तेव्हा हृदयविकाराच्या नावावर नोंदलेल्या ५७१ पैकी २०० पर्यंत मृत्यू उष्णतेपासून संरक्षण दिलं असतं तर टळले असते, असा अंदाज निघाला. 'नैसर्गिक' लिहिलं की तो कामावरचा मृत्यू ठरत नाही आणि भरपाई अडकते. म्हणून मृतदेह पाठवायच्या परवान्यावर सही करण्याआधी दूतावासानं चार गोष्टी मागाव्यात: खालच्या ओळी भरलेला दाखला, शवविच्छेदन झालं की नाही आणि नसेल तर का नाही याचं लेखी उत्तर, शेवटच्या तीन दिवसांची हजेरी, आणि त्या तीन दिवसांचं कामाच्या जागेवरचं वेट बल्ब ग्लोब तापमान.